होडी वर घेताना

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. हवामान खात्याच्या वेळापत्रकात त्याची तारीख ११ जून आहे. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. शहराची तारांबळ उडाली, भुयारी मेट्रोच्या नव्याकोऱ्या स्थानकात पाणी शिरल्याची छायाचित्रे देशभर फिरली. वेसावे (म्हणजेच वर्सोवा), मढ, मनोरी, गोराई या उपनगरी किनाऱ्यांची अडचण निराळी होती. तिथली यांत्रिक मासेमारी १ जूनला बंद होते आणि मेचा शेवटचा आठवडा होड्या पाण्याबाहेर काढण्याचा असतो. पाऊस नेमका त्या आठवड्याच्या तोंडावर येऊन ठेपला. ज्याने होडी वर घ्यायचे काम महिनाअखेरीवर ढकलले होते, त्याच्या हिशोबातले चार-पाच दिवस बुडाले. एक गोष्ट तेवढी नाखवा मंडळींच्या बाजूने होती: २७ मे रोजी अमावास्या होती, आणि अमावास्येला समुद्राला उधाण येते.

अमावास्येचा आणि होडीचा संबंध काय, हे वर्सोवा मेट्रो स्थानकावर रोज उतरणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना सांगता येईल. स्थानकापासून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येणाऱ्या कोळीवाड्यात मात्र हा संबंध पोराटोरांनाही ठाऊक असतो. होडी किनाऱ्यावर ओढणे, ती न कलंडता उभी राहील असे टेकू देणे, झाकणे, आणि पावसाचा जोर सरला की पुन्हा पाण्यात सोडणे, एवढाच हा विषय. त्यावर आजवर फारसे कोणी लिहिलेले नाही. समुद्रावर गेलेल्या होडीची गाणी झाली, चित्रे झाली, सिनेमे झाले. टेकूंवर उभ्या असलेल्या होडीकडे मात्र मासळीबाजाराकडे जाता जाता एक नजर टाकून लोक पुढे जातात.

हे काम जगभर चालते, फक्त ऋतू बदलतो. युरोपच्या उत्तरेला आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पाणी गोठण्याआधी, म्हणजे शरद ऋतूच्या अखेरीस, शिडाच्या बोटी क्रेनने उचलून आवारात रांगेने मांडतात आणि वसंतात परत सोडतात. आपल्याकडे थंडीत समुद्र शांत असतो, तोच खरा हंगाम. १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब असो की मनोरीचा एखादा नाखवा, मुंबईच्या पाण्यात शिडाचे आणि मासेमारीचे दिवस पावसाचा जोर सरल्यावर सुरू होतात आणि मेमध्ये आटोपतात. तिकडे बर्फापासून बोट वाचवायची असते. इकडे वारा, पाऊस आणि लाटा या तिघांपासून.

मुळात होडीला जमिनीवर आधार देणे अवघड का असते? होडीचा आकार पाण्यासाठी घडवलेला असतो. ती तरंगत असताना तिचे सारे वजन पाणी उचलते, आणि तेही बुडाच्या प्रत्येक वितीवर थोडे थोडे वाटून. दहा टनांची, बारा मीटर लांबीची होडी घेतली, तर पाण्यात तिच्या बुडावर दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन दाब येतो. तीच होडी फूटभर लांबी-रुंदीच्या चार ओंडक्यांवर बसवली, तर त्या चार ठिकाणी हाच दाब पन्नासपटींहून अधिक होतो. जिथे ओंडका आहे तिथे बूड आत दबू पाहते, जिथे आधार नाही तिथे खाली झुकू पाहते. आठ-दहा दिवसांत काही बिघडत नाही. दोन महिन्यांत मात्र फळ्यांचे सांधे उघडतात, इंजिनाचा दांडा रेषेतून हलतो, आणि पाण्यात सोडल्यावर होडी कुठून पाणी घेते आहे हे शोधण्यात हंगामाचा पहिला आठवडा जातो.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा की वजन कण्यावर घ्यायचे आणि टेकूंनी फक्त तोल सांभाळायचा. होडीच्या तळाला नाळेपासून मागच्या टोकापर्यंत गेलेला जो जाड लाकडी कणा असतो, जुने गलबतवाले त्याला पठाण म्हणत, तोच मुळात भार पेलण्यासाठी असतो. त्याच्याखाली ओंडके जितके जवळ जवळ, तितके बरे. दोन्ही बाजूंचे टेकू होडीला कलंडू देत नाहीत, एवढेच त्यांचे काम. एखादा टेकू वजन उचलू लागला, तर समजावे की खालचा ओंडका खचला आहे.

हा नियम लहान होडीपुरता नाही. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत ॲडमिरल नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज १९२२ पासून उभे आहे. त्याला पूर्वी लोखंडी चौकटींचा आधार होता. कालांतराने मोजमाप केले तेव्हा जहाज स्वतःच्याच वजनाने वर्षागणिक किंचित किंचित खाली बसत असल्याचे आढळले. मग चौकटी काढून १३४ सुटे, उंची बदलता येणारे पोलादी टेकू बसवले गेले, आणि कोणत्या टेकूवर किती भार येतो हे मोजणारी यंत्रेही त्यांना जोडली गेली. वेसाव्याच्या वाळूत अशी यंत्रे नाहीत. तिथे टेकूच्या पायाशी ठोकलेली पाचर हातोडीने वाजवून पाहतात. सैल पाचर बद्द वाजते आणि हलते; भार घेतलेली पाचर टणक आवाज देते आणि जागची ढळत नाही.

आता अमावास्येकडे. चिखलातून किंवा वाळूतून होडी जितकी कमी ओढावी लागेल तितके चांगले, म्हणून ती पाण्याच्याच पाठीवर जमेल तेवढी वर आणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला पाणी जेमतेम निम्म्या उतारापर्यंत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते पार वरच्या वाळूला लागते. भरतीच्या माथ्यावर होडी किनाऱ्याला लावायची, दोरखंड बांधून धरायची आणि सुकती लागली, पाणी उतरू लागले की ती हळूहळू जमिनीवर टेकू द्यायची. पाणी पायाखालून निघून जाते तेवढ्या वेळात ओंडके सरकवायचे आणि टेकू लावायचे. ही वेळ हुकली की होडी कुशीवर बसते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला ठोकताळा सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, जितके येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. घड्याळाशी तंतोतंत जुळणारा हा हिशोब नव्हे, पण माणसे गोळा करायला आणि ट्रॅक्टर सांगून ठेवायला पुरेसा आहे. पूर्वी तेल चोपडलेल्या गोल ओंडक्यांवरून पंधरा-वीस जण एका तालात ओरडत होडी ओढत. आता ट्रॅक्टर, जेसीबी किंवा साखळीची कप्पी वापरतात. मोठ्या ट्रॉलरना तेही पुरत नाही. त्या खाडीतच आडोशाला नांगर टाकून, एकमेकींना बांधून पावसाळा काढतात. वर येतात त्या लहान आणि मध्यम होड्या.

उधाणावर वर चढलेल्या होडीची एक अटही असते. जितक्या उंच पाण्यावर ती वर आली, जवळजवळ तितकेच पाणी पुन्हा आल्याशिवाय ती आपसूक तरंगत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करण्याच्या प्रथेमागे श्रद्धा आहेच. पण तो दिवस पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचा आहे, हे होडी ढकलणाऱ्याला विसरता येत नाही.

पाण्याबाहेर आल्यावर होडीला सर्वांत मोठा धोका वाऱ्याचा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे गेले. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. या वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे साठ किलो दाब देतो. बारा मीटर लांब आणि टेकूंसकट अडीच मीटर उंच होडीची एक बाजू तीस चौरस मीटरची धरली, तर तिच्यावर आडवा रेटा जवळजवळ पावणेदोन टनांचा. टेकू फक्त उभे ठेवलेले असतील, तर एका बाजूचे दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे सैल होऊन पडतात. पडलेला टेकू परत लावायला त्या वाऱ्यात कोणी जाऊ शकत नाही.

तौक्तेच्या वेळी तिथीही प्रतिकूल होती. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे अमावास्येचे उधाण सरून भांगाकडे झुकलेले पाणी. पाऊणपटीच्या हिशोबाने भरती पावणेचारला यायची, तशीच ती आली. पण होड्या उंच चढवायला लागणारे पाणी हाताशी नव्हते. इशारा आधी मिळूनही किनाऱ्यावरच्या आणि खाडीतल्या होड्यांना मार बसला, कारण इशाऱ्यानंतर होडी पळवून न्यायला पाणीही लागते आणि जागाही. दोन्ही एकाच वेळी मिळणे दुर्मीळ असते.

परदेशी आवारांत यावर एक साधा उपाय वापरतात, तो इथेही शिकण्यासारखा आहे. समोरासमोरच्या दोन टेकूंचे पाय होडीच्या पोटाखालून साखळीने एकमेकांना बांधतात, म्हणजे एकाला बाहेर सरकायचे झाले तर दुसऱ्याने सोडायला हवे. टेकूच्या पायाखाली जाड फळी घालतात, म्हणजे पावसाने भिजलेल्या जमिनीत तो रुतत नाही. आणि होडीवरची ताडपत्री टेकूला कधीच बांधत नाहीत. ताडपत्री वाऱ्याने फुगली की ती शिडासारखी ओढते. तिची दोरी टेकूला असेल तर टेकूच उखडला जातो. दोरी होडीच्या अंगालाच, पोटाखालून फिरवून बांधायची. वेसाव्याच्या वाळूत फळीऐवजी वाळूने भरलेल्या गोणी आणि जुने टायर दिसतात. टायर आणि होडीचे अंग यांच्यामध्ये घासण्याला वाव राहत नाही, हा त्याचा फायदा. पण पाण्याने भरलेला टायर डासांचे घर होतो, म्हणून त्याला खालून भोक पाडलेले बरे.

डोलकाठी असलेल्या होड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. उभी डोलकाठी वारा धरते आणि त्याची ओढ अगदी वरून, म्हणजे सर्वांत लांब दांड्याने, टेकूंवर आणते. त्यामुळे शिडाची आडवी काठी, म्हणजे परबाण, उतरवून आणि शक्य असेल तर डोलकाठीही काढून आडवी ठेवणे हे पूर्वी प्रत्येक नाखव्याचे मेमधले पहिले काम असे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांना इंजिने बसत गेली, तसतशी शिडे मागे पडली. आता डोलकाठी दिसते ती बहुधा झेंड्यापुरती किंवा जाळे उचलण्यापुरती. शर्यतीच्या यॉटला मात्र ती हवीच असते, आणि तिच्या तळाला खाली लोंबणारा जड, अरुंद सुळा असतो. अशी बोट लाकडी मचव्याप्रमाणे वाळूत बसवता येत नाही. सगळे वजन त्या सुळ्यावर, आणि तोल सांभाळायला पाच-सहा टेकू किंवा तिच्याच मापाचे लोखंडी पाळणे लागतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. तशा बोटीला पाण्याबाहेर काढून तिच्या बुडाची निगा राखणे, हा सफरीइतकाच काटेकोर उद्योग आहे.

वाऱ्यानंतर पाऊस. तौक्तेच्या चोवीस तासांत सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस पडला. दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद उघडी होडी वरून पाहिली तर तिचे क्षेत्र अठरा चौरस मीटरच्या आसपास भरते. झाकण नसेल आणि बुडाचे बूच लावलेले असेल, तर त्या एका दिवसात तिच्यात चार टनांहून जास्त पाणी साचेल. रिकाम्या होडीसाठी लावलेले टेकू एवढ्या वजनाला पुरायचे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी तशी होडी काठोकाठ भरली असती. म्हणून बूच काढून ते हरवणार नाही असे बांधून ठेवणे आणि नाळेकडची बाजू हातभर उंच ठेवणे, या दोन गोष्टी टेकूइतक्याच महत्त्वाच्या. तेवढ्याने पाणी आपोआप मागे धावते आणि बाहेर पडते.

होडी शाकारणे हाही या कामाचाच भाग. पूर्वी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालत, आज निळी किंवा काळी ताडपत्री. झापातून वारा खेळत असे. ताडपत्री सगळीकडून घट्ट आवळली तर आत दमट वाफ कोंडते आणि लाकडाला बुरशी धरते. इथे एक गंमत आहे: लाकूड खाऱ्या पाण्यात जितके कुजत नाही तितके पावसाच्या गोड्या पाण्यात कुजते. खाऱ्या पाण्यात शत्रू दुसरा असतो, लाकडात बोगदे पाडणारी कीड; ती पाण्याबाहेर फार काळ तग धरत नाही. म्हणजे दोन महिने जमिनीवर काढणे हा होडीसाठी औषधोपचार असतो, पण पावसाचे पाणी वाहून जाईल आणि दोन्ही टोकांनी हवा खेळेल, तरच.

या दिवसांत होडीचे अंगही हाती लागते. बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या फटींतला जुना कापूस काढून नवा ठासायचा, वरून राळ-तेल द्यायचे. काजूच्या टरफलांचे तेल किंवा माशाचे तेल लावण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. फायबरच्या होडीला हे लागत नाही, तिचे आजार वेगळे: अंगावर फोड येतात, टेकूच्या टोकाशी केसासारखी चीर पडते. लाकडी फळी टेकूखाली दबली तर खड्डा डोळ्याला दिसतो. फायबर आत दबते आणि टेकू काढला की सरळ होते, चीर मात्र आत राहते. म्हणून फायबरच्या होडीला टेकूच्या टोकाशी रुंद, मऊ अस्तर दिलेली फळी हवी, आणि टेकू आतल्या फासळीच्या रेषेतच हवा.

हे शहाणपण नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पावसाळ्यात आरमार कुठे ठेवावे याचा बारकाईने विचार केलेला आहे. किल्ल्याचा आश्रय असलेले बंदर निवडावे, सगळे आरमार एकाच ठिकाणी साठवू नये, दर वर्षी जागा बदलावी म्हणजे एकाच गावावर त्याचा भार पडत नाही, असा त्याचा आशय. जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीदही त्याच ग्रंथात आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते: भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की ते कोरड्यात उभे. मुंबईत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या काळात, १७५० मध्ये, दगडी कोरडी गोदी उभी राहिली; आशियातली ती पहिली मानतात. गिर्ये आणि मुंबई, दोन्हीकडे तत्त्व एकच. भरतीला कामाला लावायचे आणि पाणी उतरेपर्यंत आधार तयार ठेवायचा.

पूर्व उपनगरांत चित्र बदलते. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. तिथे वाळूचा किनारा नाही. कांदळवन आणि मैलोगणती पसरलेला चिखल. चपट्या बुडाच्या लहान होड्या ओहोटीला त्या चिखलावर अलगद बसतात, त्यांना टेकूंची गरज नसते. चिखल बुडाचा आकार घेतो आणि सगळीकडून आधार देतो. पाण्याच्या सर्वांत जवळ जाणारा आधार तोच. २०१५ पासून या खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांसाठी येणारे हजारो पर्यटक या होड्यांतूनही फेरी मारतात, पण जूनमध्ये त्या कुठे जातात हे सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याचे कॅलेंडर आणि किनाऱ्याचे कॅलेंडर यांत अंतर आहे, हेही इथे नोंदवायला हवे. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. बिनयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. नारळी पौर्णिमा मात्र चंद्रावर चालते. २०२३ मध्ये अधिक श्रावण असल्याने ती ३० ऑगस्टला आली, म्हणजे बंदी उठल्यावर तब्बल महिन्याने. २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दर्या खवळलेला असतो, म्हणून बंदी वाढवावी अशी मागणी अनेक मच्छीमार करत आले आहेत. दुसऱ्या बाजूला कर्जाचे हप्ते असतात, आणि शेजारची होडी उतरली की आपली किनाऱ्यावर ठेवणे जड जाते. टेकू कधी काढायचे हा निर्णय असा हवामान, तिथी, कायदा आणि पैसा या चौघांच्या ओढाताणीतून होतो.

टेकू, ताडपत्री, पाचर, साखळी यांचा खर्च फार नाही. महाग आहे ती जागा. बारा मीटरच्या होडीला टेकू, दुरुस्तीची वाट आणि दोरखंडांची मोकळीक धरून चौदा मीटर बाय सहा मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे नऊशे चौरस फूट. अंधेरीत एवढ्या जागेत दोन बेडरूमचा फ्लॅट होतो. समुद्राला लागून असलेल्या मोकळ्या वाळूवर सगळ्यांचीच नजर आहे यात नवल नाही. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम सुरू आहे. वर्सोव्याहून उत्तरेकडे किनारा मार्गाची आखणी झाली आहे. वेसाव्याच्या खाडीत गाळ साचून नांगरायची जागा उथळ होते आहे. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, त्यामुळे होड्या तिथे सरकवता येत नाहीत. मग उरतो तो कोळीवाड्यासमोरचा पट्टा, जो वर्षातले दहा महिने रिकामा दिसतो आणि म्हणूनच बाहेरच्याला पडीक वाटतो.

२०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. मासेमारांची गावे, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासे सुकवण्याच्या जागा, हे सारे किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत दाखवावे, असे तिने सांगितले. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळला. मासे सुकवण्याची जागा नकाशावर येते, कारण तिथे बांबूच्या वलांडी वर्षभर उभ्या असतात. पावसाळ्यात होड्या उभ्या करायची जागा डिसेंबरात पाहणी करणाऱ्याला दिसणारच नाही.

या पुस्तकाची पुढची पाने अशा वाचकांसाठी आहेत ज्यांना या कामाची तांत्रिक बाजू समजून घ्यायची आहे: होडीवाले, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते, यॉट शिकू पाहणारी मुले, आणि नकाशे काढणारे अधिकारी. त्यांनी एक वेळ होड्यांची प्रकरणे आधी वाचावीत आणि इतिहास मागाहून. पण टेकूंची आणि साखळीची माहिती प्रत्यक्ष होडीजवळ उभे राहून वाचली तर जास्त कळेल. त्यासाठी जूनचा दुसरा आठवडा बरा. वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला जाणारी तर घ्यावी, किंवा मार्व्याहून मनोरीला जावे, आणि किनाऱ्यावरच्या मंडळींना विचारून, त्यांच्या कामात अडथळा न आणता पाहावे.

आणि एक मागणी. महापालिकेने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने एका पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, उपनगरांतल्या प्रत्येक कोळीवाड्यासमोर किती होड्या कुठे उभ्या राहतात याची मोजणी करावी, त्या पट्ट्याची सीमा आखावी आणि ती किनाऱ्याच्या नकाशात सामाईक जागा म्हणून नोंदवावी. सहकारी संस्थांकडे आपापल्या होड्यांच्या याद्या आहेत. मोजपट्टी घेऊन जाणारी माणसे तेवढी हवीत, आणि ती जूनमध्ये हवीत.